केबलमामांची ओवाळणी

केबलमामा कुठल्याही कॉम्प्युटरला 'गेला' म्हणत नसत, आणि हार्ड डिस्कला तर 'गेली' कधीच म्हणत नसत. एखादं गिऱ्हाईक घामाघूम होऊन, सीपीयू कवेत घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढायचं. "मामा, डिस्क गेली हो, समदं गेलं," म्हणायचं. मामा हातातली चहाची बशी खाली न ठेवता विचारायचे, "गेली म्हनून कोनी सांगितलं? नाडी बघितली का तुमी? बसा. आदी केबल बघू." मग त्या माणसाला समोरच्या स्टुलावर बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत सीपीयूचा पत्रा काढायचा. आतली केबल उपसून पुन्हा बसवायची. नाही जमलं तर दुसरी लावायची, मग विजेची पिन बदलायची, मग डिस्क सोडवून दुकानातल्या स्वतःच्या मशीनला जोडून बघायची. एवढं सगळं होईपर्यंत निदान सांगायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आणि बहुतेक वेळा दोष त्या केबलचाच निघायचा.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. जुने कॉम्प्युटर अजून चालू आहेत ते अशाच माणसांच्या जिवावर. आमच्या अंबाजोगाईत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत मामांचं दुकान होतं. दुकानाला नाव होतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं. 'आदी केबल बघू' या एका वाक्यावरून सगळं गाव त्यांना केबलमामा म्हणायचं. त्याचा एक त्रास होता. टीव्हीची केबल बंद पडली की बायका त्यांना फोन करायच्या. "मामा, च्यानल दिसंना झालंय, सिरीयल सुरू व्हायली." मामा म्हणायचे, "बाई, टीव्हीवाला वरल्या गल्लीत. हितं कॉम्प्युटरचा दवाखाना हाय." असं म्हणून फोन ठेवायचे आणि त्या बाईचं घर वाटेत असलं, तर घरी जाताना तिची वायरही बघून जायचे. "लोकांनी नाव दिलंय तर निभवायला नको का," म्हणायचे. थोडे बढाईखोर होते. आपली गोष्ट चार माणसांत सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

ते माझे खरे मामा नव्हते. माझ्या आईला सख्खा भाऊ नाही. तिचं माहेर लिंबागणेश. एकदा हे गृहस्थ पप्पांच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलचा डबा घ्यायला आले आणि घासाघीस करताना त्यांचं बोलणं ऐकून आईनं विचारलं, "तुमी कुठले?" ते लिंबागणेशचे निघाले. मंदिराच्या मागच्या आळीतले. आईला त्यांचं घर माहीत होतं, त्यांच्या आईचं नावसुद्धा माहीत होतं. ते तिच्याहून लहान होते. आई म्हणाली, "मग तू माझा भाऊ झालास की रे." आमच्याकडे एवढं पुरतं. आईच्या माहेरच्या गावचा माणूस म्हणजे मामा, आणि मामा म्हणजे हक्काचा माणूस. सगळं गाव त्यांना केबलमामा म्हणत असलं, तरी आईच्या तोंडी ते बाळू होते आणि त्यांच्या तोंडी आई अक्का होती. दर भाऊबीजेला ते आमच्या घरी पाटावर बसत.

त्यांची ओवाळणीची रीतही त्यांची स्वतःची होती. साडीबिडी ते आणत नसत. "मला साडीतलं कळत न्हाई अक्का. तुला काय पाहिजे ते तोंडानं माग," म्हणायचे. आणि आई मागायची. एका वर्षी तिनं स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करून मागितला. एका वर्षी चतुर्थीला स्कूटरवर लिंबागणेशला नेऊन आणायला सांगितलं, आणि ती मागे बसून पदर सांभाळत सबंध रस्ताभर त्यांना स्कूटर हळू चालवायला सांगत होती, असं मामा पुढं वर्षभर सांगत फिरले. पण जे मागितलं ते त्यांनी दिलं. ताटातली ओवाळणी फिरवायची नाही, एवढं ते मानत.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. इंग्रजी नीट येईना आणि मराठीला बंदी, म्हणून मी गप्पच राहायला शिकले असेन. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. "पोरगी बोलत न्हाई का?" असं प्रत्येकजण विचारायचा आणि आई काहीतरी सारवासारव करायची. मामांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. त्यांनी मला पहिल्यांदा काही दिलं असेल तर तो एक स्क्रू. सीपीयू उघडताना त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "धर. हरवू नको." मग दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. तळहातावर स्क्रू घेऊन बसलेल्या मुलीला कुणी बोल म्हणत नाही. मला ते फार आवडलं होतं.

तो सीपीयू आमच्याच घरचा होता. एका पतसंस्थेनं काढून टाकलेला कॉम्प्युटर मामांनी धडका, म्हणजे चालता करून पप्पांना आणून दिला होता. तो आला तेव्हाच जुना होता. त्याच्या आत हार्ड डिस्कला पट्टीसारखी रुंद, चपटी, राखाडी केबल होती आणि त्या केबलच्या एका कडेला लाल रेघ होती. ही लाल रेघ कुठल्या बाजूला बसवायची ते मला नीट कळलं, त्या दिवशी मामांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या भाचीनं बसवली."

त्या एकाच केबलवर दोन वस्तू जोडलेल्या असतात, हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह. त्यांतली मुख्य कोणती आणि दुय्यम कोणती, हे मशीनला कळावं म्हणून दोघींच्या पाठीला बारीक काटे असतात आणि त्या काट्यांवर एक टोपण बसवतात. नखाएवढंही नसतं ते. त्याला जंपर म्हणतात. मामांनी मला ते असं समजावलं : "एक थोरली, एक धाकटी. टोपण ह्या काट्यांवर असलं की थोरली, त्या काट्यांवर असलं की धाकटी. दोघी थोरल्या झाल्या तर भांडतेत. दोघी धाकट्या झाल्या तर कोन बोलावं त्येच त्येंना कळत न्हाई, गप बसतेत. मशीन म्हनतं, डिस्कच न्हाई." मी विचारलं, हे टोपण सैल होतं का? ते हसले. "केबल हलती, पिन हलती, धूळ बसती. जंपर हलत न्हाई. त्यो मानसानं बसवला तिथंच ऱ्हातो. तिकडं बघत बसू नको, उगी टाइम जातो."

मी ते मनात पक्कं करून ठेवलं. मामांचं सगळंच मी पक्कं करून ठेवायची. रॅम दगा द्यायला लागली की काढून तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासायचं. डिस्क चालू असताना पेचकसाची मूठ कानाला लावायची आणि टोक डिस्कला, मग आतला आवाज ऐकू येतो. काहीही खोलायच्या आधी, ते मेलंय असं अख्ख्या गावानं सांगितलं तरी, एकदा जोडून बघायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मशीन मालकाच्या समोर उघडायचं. दुकानाला मागे एक खोली होती, पण ती सामान ठेवायला. "मशीन आत नेलं की मानसाचं मन मशीनमागं आत जातं," म्हणायचे.

अकरावीत असताना मला एक छंद लागला. गावातल्या जुन्या दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या बघत मी हिंडायची. पेंटरनं हातानं काढलेली अक्षरं. रसवंतीच्या पाटीवरचा उसाच्या कांड्यासारखा 'र', सायकलवाल्याच्या पाटीवर चाकासारखं गोल 'य'. पप्पांच्या मोबाइलवर फोटो काढायची आणि घरी येऊन ती अक्षरं कॉम्प्युटरवर माउसनं पुन्हा काढायची. मग त्या एका अक्षरावरून बाकीची सगळी बाराखडी त्याच हाताची कशी दिसली असती, ते काढत बसायची. ज्या भाषेत बोललं म्हणून शाळेत बाकावर उभं राहावं लागे, तिची अक्षरं काढताना मला कुणाची भीती वाटत नसे. मामांनी एकदा ते पाहिलं. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्यो 'ळ' तर जिलबीवानी हाय. कुनाचा?" मी सांगितलं. तर पुढच्या रविवारी ते मला स्कूटरवर बसवून जुन्या बाजारात एका बंद पडलेल्या कापड दुकानाची पाटी दाखवायला घेऊन गेले. "ही बघ. हिचा 'क्ष' बघ. मी ल्हान हुतो तवापासून हितं हाय." मी फोटो काढेपर्यंत ते रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवत होते.

पुण्यात डिझाइन शिकवणारी एक संस्था आहे, तिथं अक्षरांचा वेगळा अभ्यास असतो, हे मला बारावीत कळलं. प्रवेशाच्या अर्जासोबत आपण स्वतः केलेल्या कामाचे नमुने सीडीवर पाठवायचे होते. हे मी सगळ्यांत आधी मामांना सांगितलं, घरी नंतर. ते म्हणाले, "मग भर की फॉर्म. तुझं काम बघून ते येडे व्हतेल."

घरी पप्पा म्हणाले, "लोक लेकरांना शिकायला अंबाजोगाईला पाठवायलेत. डॉक्टरकी हितं, कॉलेजं हितं. आन् आपली पोरगी अक्षरं काढायला पुण्याला कावून?" पण फार ताणलं नाही. "आधी नंबर तर लागू दे," म्हणाले आणि सही केली. नंतर स्वयंपाकघरात आई मला म्हणाली, "भर तू. पप्पांचं मी बघते." मला वाटलं, आई माझ्या बाजूनं आहे.

अर्जाची शेवटची तारीख दिवाळीनंतर लगेच होती. कामं सगळी त्या एका जुन्या डिस्कवर होती. आमच्या कॉम्प्युटरची सीडी ड्राइव्ह सीडी वाचायची, पण सीडीवर काही उतरवून देत नव्हती. पेन ड्राइव्ह लावायची भोकं कधीचीच बंद पडली होती. म्हणून असं ठरलं होतं की भाऊबीज झाली की मामा डिस्क दुकानात नेऊन सीडी करून देतील.

भाऊबीजेला मामा आले. नवा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात माझ्यासाठी कोऱ्या सीड्यांचं पाकीट. पाटावर बसले. पप्पा चेष्टेत म्हणाले, "काय अक्का, यंदा काय मागताय भावाला?" आई निरांजन फिरवत म्हणाली, "यंदाचं मी आधीच मागून घेतलंय." पप्पा म्हणाले, "बघा, ॲडव्हान्स बुकिंग." सगळे हसले. मीही हसले. मामा नेहमी अशा वेळी काहीतरी बोलत, त्या दिवशी बोलले नाहीत. जेवण झाल्यावर आईनं मला शेजारी फराळाचं ताट द्यायला पाठवलं. शेजारच्या काकूंनी बसवून घेतलं. परत आले तेव्हा मामा माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे होते. "जरा धूळ काढली," म्हणाले. स्क्रू त्यांनी स्वतःच लावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर काळ्या पडद्यावर एक ओळ आली. डिस्क सापडत नाही.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर थोडा आनंदच झाला, कारण काय करायचं ते मला माहीत होतं. पत्रा काढला. केबल उपसून लाल रेघ बघून पुन्हा बसवली. केबलच्या दुसऱ्या तोंडाला लावून पाहिली. विजेची पिन बदलली. खोडरबर घासलं. प्रत्येक वेळी तीच ओळ. पेचकसाची मूठ कानाला लावली तर आत डिस्क गुणगुणत फिरत होती. फिरतेय म्हणजे जिवंत आहे. मग मी मामांना फोन केला. "बघतो," म्हणाले. पूर्वी ते "आदी केबल बघ" म्हणाले असते.

ते रिक्षा घेऊन आले आणि सीपीयू उचलून घेऊन गेले. मी मागोमाग दुकानात गेले. स्टुलावर बसायला गेले, तर त्यांनी सीपीयू उचलला आणि मागच्या खोलीत नेला. "हितं गर्दी हाय," म्हणाले. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बाहेर उभी राहिले. मनात आलं की मामा बहुतेक माझ्यापासून वाईट बातमी लपवतायत, मी रडेन म्हणून त्यांना माझ्यासमोर उघडवत नसेल. मला त्यांची दया आली. बऱ्याच वेळानं ते पडदा सारून बाहेर आले, फडक्यानं हात पुसत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेली ती."

मी विचारलं, "दुसऱ्या मशीनला लावून बघितली?"

"बघितली."

"केबल?"

"समदं बघितलं गं. गेली म्हनतो ना."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. जो माणूस कधीच 'गेली' म्हणत नाही, तो म्हणतोय म्हणजे ती गेलीच असणार. मोबाइलमध्ये पाट्यांचे काही फोटो उरले होते, पण उरलेल्या दिवसांत बाराखड्या पुन्हा काढून होणार नव्हत्या. शेवटची तारीख आली आणि गेली. मामांनी कॉम्प्युटरमध्ये दुसरी जुनी डिस्क बसवून परत आणून दिला. मी आधीची डिस्क मागितली. आई म्हणाली, "काय करतीस तिला, भंगारात टाक." मामा घुटमळले, मग पिशवीतून काढून दिली. मी ती एका जुन्या मोज्यात घालून कपाटात ठेवली.

बारावीनंतर मी गावातच कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. "कॉम्प्युटरच पायजे हुता ना, हे घे," असं पप्पांचं म्हणणं. कॉलेज वाईट नव्हतं. मामा अधूनमधून घरी येत, माझा अभ्यास विचारत, आणि चार माणसांत सांगत, "माझ्या हाताखाली तयार झालेली पोरगी हाय." पुढच्या भाऊबीजेला आईनं काय मागितलं ते मला आठवत नाही. काहीतरी किरकोळ असेल.

दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये आम्हाला जुनी मशीनं खोलून बघायला दिली होती. हार्ड डिस्कच्या आत काय असतं हे दाखवायला एक मेलेली डिस्क हवी, असं सर म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी मोज्यातून काढून घेऊन गेले. सरांनी झाकण उघडायला पेचकस हातात घेतला. मी म्हटलं, "सर, उघडायच्या आधी एकदा जोडून बघू." ती मामांची सवय होती आणि माझ्या हाताला लागली होती. सर म्हणाले, बघ.

लॅबच्या मशीनमध्ये आधीच एक डिस्क होती, ती थोरली. त्याच केबलवर माझी लावायची तर माझी धाकटी करायला हवी. म्हणून मी चिमटा घेऊन जंपर बदलायला गेले. तर टोपण आधीच धाकटीच्या काट्यांवर बसलेलं होतं.

मी चिमटा तसाच हातात धरून उभी राहिले. आमच्या घरच्या मशीनमध्ये ही डिस्क थोरली होती. ती थोरली नसती तर त्या मशीनवर मी एक दिवससुद्धा काम करू शकले नसते. सीडी ड्राइव्ह धाकटी होती. म्हणजे कुणीतरी हिलाही धाकटी केलं होतं. केबल हलते, पिन हलते, धूळ बसते. मशीन सुरू करायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. तरी सुरू केलं. डिस्क लगेच दिसली. आत सगळं होतं. जिलबीसारखा 'ळ' होता. कापड दुकानाचा 'क्ष' होता. एकही फाइल खराब नव्हती. सर म्हणाले, "अरे, ही तर जिवंत आहे. कुणी मेली म्हणालं होतं?" मैत्रिणी टाळ्या वाजवायला लागल्या. मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

संध्याकाळी दुकानात गेले. मामा एकटेच होते. मी डिस्क उलटी करून, जंपर वर दिसेल अशी, त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बघितली, चष्मा काढला.

"चहा घेतीस?" म्हणाले.

"हे कुणी बदललं?"

"बस तर आदी."

"मामा, हे कुणी बदललं?"

त्यांनी चष्म्याची घडी करून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी. भाऊबीजेला. तू फराळ द्यायला गेलतीस तवा."

माझ्या तोंडून शब्द आला तो "कावून?" घरात सगळे 'का'ऐवजी बोलतात तो शब्द मी एरवी कधी वापरत नाही.

"अक्कानं मागितलं." ते हळू बोलत होते. "दिवाळीच्या आदी फोन केलता. म्हनली, बाळू, यंदा एकच दे. पोरीला घरी ऱ्हाऊ दे. मी म्हनलो, अक्का, असलं नको मागू. तर म्हनली, मग पाटावर येऊ नको." मग डिस्ककडे बोट करून म्हणाले, "मी डिस्कला काय बी केलं न्हाई. पुसली असती तर कुनाला कळलं असतं? नुसतं टोपन सरकवलं. मला वाटलं तू हुडकशील. दुसऱ्याच दिवशी हुडकशील. मग मी अक्काला म्हनलो असतो, मी माझं दिलं, पोरीनं धरलं तर मी काय करू."

"तुम्हीच सांगितलं होतं, जंपरकडे बघू नको म्हणून."

"व्हय. सांगितलं हुतं."

"आणि मशीन दुकानात आणलं तेव्हा? तुम्ही आत नेलं. मी बाहेर उभी होते. तेव्हा मी काय हुडकणार होते?"

ते जागेवरून उठले, फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला लागले. मी डिस्क उचलली आणि निघाले. मागून ते म्हणाले, "अक्काला काय बोलू नको." त्या दिवशी जे काही झालं, त्यात मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे वाक्य. अजूनही त्यांना माझ्याकडूनच काहीतरी हवं होतं.

आईला मी बोलले. ती मेथी निवडत होती. तिनं नाकारलं नाही, रडलीही नाही. म्हणाली, "तू हितं माझ्याशी बोलत न्हाईस. ताप आला तरी सांगत न्हाईस, हात लावल्यावर कळतं. तिथं तुला कोन हात लावून बघनार हुतं?" मी म्हटलं, "मला विचारायचं होतं." ती म्हणाली, "विचारलं असतं तर तू गेली असतीस." तिच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता. मला तिचा राग येतो, पण तो आईचा राग आहे, त्याला कुठंतरी तळ लागतो. मामांचं तसं नाही. आईनं मला कधी सांगितलं नव्हतं की मशीन मालकाच्या डोळ्यांसमोरच उघडायचं असतं. ते मामांनी सांगितलं होतं. त्यांनी आईला ओवाळणी दिली, आणि मी हुडकेन म्हणून स्वतःचीही समजूत काढली. मला मात्र त्यांनी असं कुलूप घातलं होतं ज्याची किल्ली कुठं शोधायची नाही, तेही त्यांनीच शिकवलं होतं.

त्याच वर्षी मी अर्ज भरला. कॉलेजच्या लॅबमध्ये सीडी केली, घरी दाखवली, पप्पांची सही घेतली. या वेळी आई काही बोलली नाही आणि कुणी काही सरकवलंही नाही. माझा नंबर लागला नाही. पुढच्या वेळी वयाची अट आड आली. पहिल्या वर्षी पाठवलं असतं तर नंबर लागला असता का? लागला नसताही. अक्षरं तीच होती, नमुने तेच होते. पण पहिल्या वर्षी काय झालं असतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला ते कळायला हवं होतं, तो हक्क माझा होता.

आता मी गावातल्याच एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटनं, श्रद्धांजल्या. अक्षरं तयार मिळतात, निवडायची फक्त. कॉम्प्युटर बिघडला की मालक मलाच सांगतात. मी केबल बघते, पण जंपर असेल तर आधी जंपर बघते.

मागच्या उन्हाळ्यात मामांनी दुकान बंद केलं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्यानं बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला घरी आले. पेढे आणले होते. म्हातारे दिसत होते, शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा. पप्पांशी पाण्यापावसाच्या गप्पा झाल्या. मग मला म्हणाले, "पुण्याला आलीस की दुसरीकडं उतरू नको. आता मामाचं घर हाय तिथं." आई कौतुकानं म्हणाली, "आता कशाची काळजी? आता पाठवते मी हिला." ती खरंच मनापासून बोलत होती. मी पेढ्याचा डबा आत नेऊन ठेवला.

ते उठले तशी आई म्हणाली, "पाया पड गं मामाच्या." मी पुढं झाले. वाकले. हात त्यांच्या पायांपर्यंत नेला आणि पायाला लावायच्या आधीच थांबवला. आई मागे उभी होती, तिला ते दिसलं नाही. पप्पा चपला शोधत होते. मामा खाली माझ्या हाताकडे बघत होते. त्यांनी आशीर्वाद द्यायला उचललेला हात माझ्या डोक्यावर टेकवला नाही, तसाच वर धरला. मी सरळ होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो, आणि मग आई म्हणाली, "अरे बाळू, सुखी राहा म्हन की तिला."